नखाच्या स्लाइडवरील नेलपॉलिश, जेल, अॅक्रिलिक आणि मेंदी: सूक्ष्मदर्शकाखाली ओळखायचे कसे?

नखशिखांत

नखाला बुरशी लागली आहे, सोरायसिस आहे की केवळ मार लागून ते जाड झाले आहे, हे ठरवण्यासाठी नखाची मोकळी कड कापून पॅथॉलॉजी प्रयोगशाळेकडे पाठवण्याची पद्धत आता चांगलीच रुळली आहे. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात पीएएस रंजन (बुरशीला किरमिजी रंग देणारी पद्धत) केलेल्या स्लाइडची संवेदनक्षमता, म्हणजे असलेली बुरशी पकडण्याचे प्रमाण, ९२ टक्के, केओएच तपासणीची (पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये नख मऊ करून थेट पाहणे) ८० टक्के आणि कल्चरची (नमुन्यातून बुरशी वाढवून पाहणे) ५९ टक्के आढळली होती. कल्चरसाठी कित्येक आठवडे थांबावे लागते, तर स्लाइड काही दिवसांत हाती येते. त्यामुळे त्वचारोगतज्ज्ञांकडून येणाऱ्या नखांच्या पुड्या वाढल्या, आणि त्यांच्यासोबत नखांवरचे नेलपॉलिश, जेल, अॅक्रिलिक आणि मेंदीही प्रयोगशाळेत येऊ लागली. विनंतीपत्रावर त्यांचा उल्लेख मात्र क्वचितच असतो. पाठ्यपुस्तके नखाच्या रोगांवर प्रकरणेच्या प्रकरणे देतात आणि प्रसाधनांना दोन-चार ओळींत वाटेला लावतात, म्हणून या मंचावर चर्चेचा हा धागा.

प्रथम निरोगी नख कसे दिसते ते सांगतो, कारण तुलना त्याच्याशीच करायची आहे. नखाचा आडवा छेद घेतला, तर खारी बिस्किटाच्या पापुद्र्यांसारख्या चपट्या, केंद्रक नसलेल्या केराटिनच्या (नखाच्या कठीण प्रथिनाच्या) पेशी पृष्ठभागाला समांतर रचलेल्या दिसतात. वरचा थर घट्ट, मधला जाड आणि खालचा, नखाच्या गादीला लागून असलेला थर थोडा मऊ असतो. प्रौढांच्या हाताच्या नखाची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर असते, पायाच्या अंगठ्याची त्याहून बरीच अधिक. पोलराइज्ड प्रकाशात (एकाच दिशेत कंप पावणाऱ्या प्रकाशात) केराटिन स्वतःच चमकते, ही गोष्ट लक्षात ठेवली नाही तर पुढे सगळीच चमक संशयास्पद वाटू लागते.

साधे नेलपॉलिश या रचनेच्या वर, पेशी नसलेला एक सलग पट्टा म्हणून दिसते. त्यात पापुद्रे नसतात, पेशींच्या सीमा नसतात आणि खालची कड नखाच्या वरच्या कडेशी तंतोतंत जुळलेली असते. दोन-तीन हात दिलेले असतील, तर पट्ट्यात तितक्याच समांतर रेषा मोजता येतात. तळाला बेसकोट आणि वर टॉपकोट असेल, तर मधला रंगीत भाग आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे पारदर्शक भाग सहज वेगळे करता येतात. काप घेताना हा पट्टा बहुधा तडकतो किंवा नखापासून सुटतो आणि स्लाइडवर बाजूला जाऊन पडतो. असा सुटा पडलेला तुकडा हेच गोंधळाचे पहिले कारण, कारण नखापासून तुटल्यावर तो कोणत्या बाजूचा होता हे कळण्याचा मार्ग उरत नाही.

माझे मत असे की प्रसाधन ओळखताना रंगावर विसंबू नये. आधी जागा पाहावी, मग रचना पाहावी, आणि रंग सर्वात शेवटी. लाल नेलपॉलिशमधील रंगद्रव्य पीएएसच्या स्लाइडवर जवळजवळ त्याच किरमिजी छटेत दिसू शकते, ज्या छटेत बुरशीचे तंतू दिसायला हवेत. अशा वेळी नमुना ज्यात बसवलेला असतो त्याच मेणाच्या ठोकळ्यातून कोणतेही रंजन न केलेला एक काप काढून पाहावा. रंजनाशिवायही जे लाल दिसते, ते पीएएसमुळे लाल झालेले नाही, हे इतके साधे आहे. प्रत्येक नखाच्या नमुन्यासोबत असा एक कोरा काप ठेवावा असे मला वाटते, पण किती प्रयोगशाळा तसे करतात, हे इथल्या मंडळींनी सांगावे.

मेणाचा ठोकळा

मी हिस्टोपॅथॉलॉजी (ऊतींची सूक्ष्मदर्शकाखाली तपासणी) विभागात तंत्रज्ञ आहे, त्यामुळे स्लाइड सूक्ष्मदर्शकाखाली जाण्यापूर्वी काय घडते याबद्दल लिहितो, कारण तुमच्यापर्यंत पोहोचणारे चित्र बऱ्याच अंशी आमच्या बाटल्यांमध्ये ठरते.

नमुना फॉर्मॅलिनमधून अल्कोहोलच्या वाढत्या तीव्रतेत, मग झायलिन या द्रावकात आणि शेवटी वितळलेल्या पॅराफिन मेणात जातो. नेलपॉलिशचा मुख्य थर बनवणारे नायट्रोसेल्युलोज झायलिनमध्ये विरघळत नाही, पण अॅसिटोनमध्ये मात्र हमखास विरघळते. आपल्याकडच्या अनेक लहान प्रयोगशाळांत पाणी काढून टाकण्यासाठी इथाइल अल्कोहोलऐवजी आयसोप्रोपाइल अल्कोहोल वापरतात, कारण इथाइल अल्कोहोलला उत्पादन शुल्क खात्याचा परवाना लागतो. काही ठिकाणी वेळ वाचवण्यासाठी थेट अॅसिटोनच वापरले जाते. त्यामुळे एकाच रुग्णाचे नख दोन प्रयोगशाळांत गेले, तर एकीकडे नेलपॉलिशचा व्यवस्थित पट्टा दिसेल आणि दुसरीकडे नखाच्या कडेला नुसती रंगद्रव्याची भुकटी चिकटलेली दिसेल. दोन्ही अहवाल प्रामाणिक असूनही त्यांचे वर्णन जुळणार नाही.

नख मऊ करण्याच्या पायरीचेही तसेच आहे. कठीण नख मायक्रोटोमवर (अतिपातळ काप काढणाऱ्या यंत्रावर) नीट कापले जात नाही. ते तुटते, सुरकुतते आणि पाण्याच्या बाथमध्ये स्लाइडवरून निसटते. म्हणून कोणी ठोकळ्याचा कापलेला पृष्ठभाग केओएचच्या द्रावणावर ठेवतात, कोणी ट्वीन हे साबणासारखे रसायन वापरतात, आणि केस काढण्याची बाजारू क्रीम लावूनही हे काम साधते. अल्कली नायट्रोसेल्युलोजचे विघटन करते, त्यामुळे केओएचमध्ये अधिक वेळ राहिलेल्या नखावरचा पट्टा झिजलेला आणि तपकिरी पडलेला दिसला, तर ते रोगाचे लक्षण समजू नये. कापलेले सेक्शन धरून राहण्यासाठी पॉलिलायसिन हा चिकट लेप लावलेल्या स्लाइड वापराव्यात. साध्या स्लाइडवर नख टिकले तरी प्रसाधनाचा पट्टा वाहून जातोच.

चमकीच्या नेलपॉलिशविषयी एक तक्रार नोंदवून ठेवतो. त्यातील अभ्रक आणि टायटॅनियम डायऑक्साइड ब्लेडच्या धारेला खाचा पाडतात, आणि मग संपूर्ण सेक्शनवर एकाच दिशेने समांतर ओरखडे उमटतात. हे ओरखडे नखाच्या आरपार, प्रसाधनापासून खालच्या थरापर्यंत सरळ गेलेले असतात, म्हणून ते ओळखणे अवघड नाही. त्यानंतर ब्लेड बदलावीच लागते, याची दखल कोणी घेत नाही.

कोऱ्या कापाबद्दल: आम्ही तो ठेवतो, पण मागितला तरच.

कुतूहल

मी या क्षेत्रातला नाही, म्हणून प्रश्न प्राथमिक वाटल्यास क्षमा असावी. नेलपॉलिश नखाच्या वर असते आणि बुरशी तर नखाच्या आत असते. मग वरचा थर सोडून खाली पाहिले की काम झाले, असे का नाही?

नखशिखांत

@कुतूहल, प्रश्न प्राथमिक नाही, नेमका मुद्द्याचा आहे. सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारात बुरशी नखाच्या टोकाकडून आणि कडेने, खालच्या बाजूने आत शिरते, त्यामुळे तिचे तंतू खालच्या थरात आणि नखाखाली साचलेल्या जाड केराटिनमध्ये सापडतात. या प्रकारात तुम्ही म्हणता तसे वरचे प्रसाधन सहसा आड येत नाही. मात्र पांढऱ्या वरवरच्या बुरशीच्या प्रकारात ती नखाच्या वरच्या पृष्ठभागावरच वाढते, म्हणजे ज्या जागी नेलपॉलिश बसते अगदी तिथेच.

त्यातून एक गंमत अशी की नेलपॉलिश दीर्घकाळ न काढता वारंवार लावत राहिले, तर त्याखालील नखाच्या वरच्या पेशी खरखरीत होऊन पांढरे भुरकट डाग पडतात. त्यांना केराटिन ग्रॅन्युलेशन म्हणतात. डोळ्यांना ते हुबेहूब वरवरच्या बुरशीसारखे दिसतात. सूक्ष्मदर्शकाखाली मात्र वरच्या पेशी विस्कळीत झालेल्या, सुट्या होत चाललेल्या दिसतात आणि तंतू एकही सापडत नाही. येथे नेलपॉलिशचा उरलेला पट्टा अडथळा नसून निदानाला आधार देणारा पुरावा असतो, कारण ज्या भागात पट्टा आहे त्याच भागात पेशी विस्कटलेल्या आहेत, हे एकाच छेदात दिसते.

दुसरे म्हणजे प्रसाधन नेहमी वरच असते असेही नाही. टोकाकडे नख आडवे पापुद्रे सुटून दुभंगत असेल, तर पातळ नेलपॉलिश त्या फटींत शिरते आणि छेदात केराटिनच्या दोन पापुद्र्यांच्या मध्ये रंगीत रेघ दिसते. मला ही रेघ फार बोलकी वाटते, कारण ती घटनांचा क्रम सांगते: नख आधी दुभंगले होते आणि नेलपॉलिश नंतर लावले गेले. त्याउलट नमुना कापताना किंवा नंतर पडलेली फट रिकामी असते. अॅक्रिलिक आणि जेल नखाच्या मोकळ्या कडेवरून वळवून खालच्या बाजूलाही थोडे लावतात, आणि खोट्या नखाचा गोंद तर दोन्ही बाजूंना पसरतो. अशा वेळी प्रसाधन थेट बुरशीच्या नेहमीच्या जागी येऊन बसते.

उकळबिंदू

व्यवसायाने रसायनशास्त्रज्ञ आहे आणि काही काळ प्रसाधनांच्या उत्पादनात काम केले आहे. या पट्ट्यांत नक्की काय असते ते सांगितले, तर सूक्ष्मदर्शकाखालचे चित्र समजायला मदत होईल.

नेलपॉलिशमध्ये थर बनवणारे नायट्रोसेल्युलोज, त्याला चिकटपणा आणि चकाकी देणारे रेझिन, थर लवचीक ठेवणारे प्लॅस्टिसायझर, इथाइल आणि ब्युटाइल अॅसिटेट यांसारखे उडून जाणारे द्रावक, रंगद्रव्ये, आणि ती रंगद्रव्ये बाटलीच्या तळाशी बसू नयेत म्हणून घातलेली विशिष्ट प्रक्रिया केलेली माती असते. द्रावक उडाले की उरलेले सगळे नखावर राहते. ही खनिज माती आणि रंगद्रव्ये कोणत्याही द्रावकात विरघळत नाहीत, म्हणून थर विरघळून गेला तरी भुकटी मागे राहते, जे @मेणाचा ठोकळा यांनी वर लिहिलेच आहे.

टायटॅनियम डायऑक्साइड हे पांढरे रंगद्रव्य असले, तरी खालून येणाऱ्या प्रकाशात त्याचे बारीक कण काळपट तपकिरी दिसतात, कारण ते प्रकाश पलीकडे जाऊ देत नाहीत, विखुरतात. अनेकांना हे पटत नाही, पण पांढरे नेलपॉलिश स्लाइडवर सर्वात गडद दिसू शकते. बाजूने प्रकाश टाकून पाहिले की तेच कण पांढरे चमकतात. मोतिया छटेसाठी टायटॅनियमचा लेप दिलेले अभ्रक, बिस्मथ ऑक्सिक्लोराइड, किंवा माशांच्या खवल्यांपासून काढलेले ग्वानिन वापरतात. हे सगळे चपटे स्फटिक आहेत. आडव्या छेदात ते कडेवर उभे दिसतात, म्हणजे पातळ, टोकदार, एकमेकांना समांतर काड्यांसारखे, आणि पोलराइज्ड प्रकाशात स्टेज फिरवला की ते आळीपाळीने उजळतात आणि विझतात. ग्लिटर म्हणजे अॅल्युमिनियमचा मुलामा दिलेल्या पॉलिएस्टरचे बहुधा षट्कोनी कापलेले तुकडे. वरून पाहिले तर षट्कोन, छेदात पाहिले तर सरळ काळी रेघ.

जेल आणि अॅक्रिलिकचे रसायन वेगळे आहे. अॅक्रिलिकमध्ये मेथाक्रिलेट पॉलिमरची पूड आणि द्रव मोनोमर (पॉलिमरच्या साखळीचे सुटे रेणू) ब्रशवर एकत्र करून लावतात, आणि ते नखावरच घट्ट होते. हे तंत्र मूळचे दंतवैद्यकातले. पुडीचे कण गोल मण्यांसारखे असतात, त्यामुळे छेदात एका सलग आधारात रुतलेली गोल वर्तुळे दिसतात. सभोवतालच्या आधारात क्रॉसलिंक (पॉलिमरच्या साखळ्या एकमेकींना बांधणारे बंध) असतात, मण्यांत तसे सहसा नसतात. म्हणून झायलिनमध्ये मणी फुगतात किंवा विरघळतात आणि काही वेळा त्यांच्या जागी रिकामी वर्तुळे उरतात. हाडांच्या शस्त्रक्रियेत वापरल्या जाणाऱ्या सिमेंटचेही असेच होते, आणि ते सिमेंट याच कुळातले आहे. जेल दिव्याखाली घट्ट होते, त्यात मणी नसतात आणि ते बऱ्याच अंशी क्रॉसलिंक होते. त्यामुळे त्याचा पट्टा काचेसारखा एकसंध, जाड, कधी नखाइतकाच जाड दिसतो, आणि काप घेताना तो सुरीने कापल्यासारखा न दिसता फुटल्यासारखा दिसतो. डिप पावडर या प्रकारात सायनोअॅक्रिलेट गोंद आणि अॅक्रिलिकची पूड यांचे एकाआड एक थर असतात.

दख्खनची डॉक्टर

त्वचारोगतज्ज्ञ म्हणून थोडे प्रतिवादात्मक लिहिते. नमुना घेण्यापूर्वी नेलपॉलिश काढून या, असे आम्ही रुग्णाला सांगतो, आणि हा वाद तिथेच संपायला हवा, असे मला वाटते. उरलेल्या पट्ट्यावर पॅथॉलॉजिस्टने बुद्धी खर्च करण्यापेक्षा नमुना स्वच्छ का घेऊ नये?

एक बाब मात्र मान्य करायला हवी. नखावरचा थर दरवेळी प्रसाधनाचाच असतो असे नाही. बुरशीच्या उपचारासाठी आम्ही अमोरोल्फिन ५ टक्के किंवा सायक्लोपिरॉक्स ८ टक्के लॅकर (नखावर लावायचा औषधी लेप) लिहून देतो, आणि ते महिनोन्‌महिने लावायचे असते. तेही पॉलिमरचे थरच असतात, फक्त रंगहीन. स्लाइडवर कण नसलेला पारदर्शक पट्टा दिसला, तर तो टॉपकोट आहे की औषध, हे केवळ पाहून सांगता येणार नाही, आणि रुग्णाने आधीच्या डॉक्टरांकडून औषध घेतल्याचे आम्हाला सांगितलेलेच नसते. नखात औषध उरलेले असताना कल्चर निगेटिव्ह आले, तर त्या निकालावर विसंबता येत नाही. म्हणून अहवालात "वरच्या पृष्ठभागावर रंगद्रव्यविरहित बाह्य पदार्थाचा थर" एवढे वाक्य जरी आले, तरी आम्ही रुग्णाला पुन्हा विचारू शकतो.

दुसरी बाब अॅलर्जीची. जेल आणि अॅक्रिलिकमधील मोनोमर, विशेषतः एचईएमए (हायड्रॉक्सीइथाइल मेथाक्रिलेट), यांची अॅलर्जी झाली, तर नखाखाली जाड थर साचतो, नख गादीपासून सुटते आणि बोटांच्या टोकांना भेगा पडतात. सोरायसिस समजून नमुना पाठवला जातो. अशा नखाच्या वर जाड एकसंध पट्टा दिसला आणि खाली केंद्रके शिल्लक राहिलेल्या पेशींचे ढीग दिसले, तर दोन्ही गोष्टी अहवालात एकत्र लिहिल्या जाव्यात, ही विनंती. नुसते "सोरायसिसशी सुसंगत" असे लिहिले, तर रुग्ण तेच जेल लावत राहतो.

नखशिखांत

डॉक्टर, तुमचे शेवटचे दोन्ही मुद्दे शंभर टक्के मान्य. नमुना स्वच्छ घेण्याबद्दल मात्र माझे थोडे वेगळे मत आहे. साधे नेलपॉलिश काढणे सोपे आहे आणि ते काढावे. जेल आणि अॅक्रिलिक मात्र अॅसिटोनमध्ये भिजवून खरवडतात किंवा घासून काढतात, आणि त्यासोबत नखाच्या वरच्या पेशींचे पापुद्रे निघून येतात. मग छेदात वरचा घट्ट थर जागोजागी गायब आणि कड करवतीसारखी दातेरी दिसते. वरवरच्या बुरशीचा संशय असेल, तर जिथे ती असते तोच थर आपण नमुना घेण्याआधी गमावून बसतो. अशा रुग्णात जेलसह नख कापून पाठवले तरी चालेल, फक्त तसे लिहून पाठवावे. लिहिण्याला माझ्या मते स्वच्छतेपेक्षा अधिक मोल आहे.

काढण्याच्या प्रक्रियेतही आणखी एक गोष्ट मागे राहते, ती म्हणजे कापूस. कापसाच्या बोळ्याने पुसलेल्या नखाच्या खडबडीत कडेत धागे अडकतात. कापूस म्हणजे सेल्युलोज, आणि सेल्युलोज पीएएसने रंगते. कॅल्कोफ्लोर व्हाइट या चमकणाऱ्या रंगाची तपासणी केली, तर तो रंग बुरशीच्या भित्तिकेतील कायटिनला जसा चिकटतो, तसाच सेल्युलोजलाही चिकटतो. त्यामुळे धागा निळसर झगझगीत दिसतो. धाग्याची रुंदी बुरशीच्या तंतूपेक्षा कितीतरी अधिक असते, त्याला आडपडदे नसतात, फांद्या नसतात, तो स्वतःभोवती पीळ घेतलेला असतो आणि पोलराइज्ड प्रकाशात लखलखतो. बुरशीचा तंतू पेशींच्या मधून वाट काढत जातो, धागा पेशींच्या वर पडलेला असतो. नख तुटल्यावर रेशमी किंवा फायबरग्लासची पट्टी चिकटवून ते जोडतात, त्या पट्टीचे तंतू मात्र विणीप्रमाणे ठरावीक अंतरावर, गोंदाच्या थरात गुंतलेले दिसतात.

हातमोज्यांची किंवा इतर कोणतीही स्टार्चयुक्त पूड असेल, तर तिचे गोल कण पीएएसने गडद होतात आणि नवख्याला ते यीस्ट (एकपेशी बुरशी) वाटतात. पोलराइज्ड प्रकाशात त्यांत फुलीची आकृती दिसते, आणि डायस्टेजची (स्टार्च पचवणाऱ्या विकराची) पायरी घेतली की ते बहुधा नाहीसे होतात. बुरशी डायस्टेजने जात नाही.

आरसपानी

मी ब्युटी पार्लर चालवते. वरचे वाचून एक शंका आली. अॅक्रिलिकखाली नख कधी कधी हिरवे पडते. ग्राहक घाबरतात आणि आम्ही त्यांना बुरशी असेल म्हणून डॉक्टरांकडे पाठवतो. ते खरोखर बुरशीचे असते का? आणि आपल्याकडे लग्नात नखांवर मेंदी काढतात, ती या तपासणीत दिसते का?

दख्खनची डॉक्टर

@आरसपानी ताई, हिरवा रंग बहुतेक वेळा स्यूडोमोनास या जिवाणूचा असतो. खोटे नख एका बाजूने सुटले की त्या फटीत ओल साचते आणि हा जिवाणू तिथे वाढून हिरवे रंगद्रव्य तयार करतो. बुरशीचे औषध त्यावर उपयोगी पडत नाही. खोटे नख काढून नख कोरडे ठेवणे हाच पहिला उपाय असतो. डॉक्टरांकडे पाठवता हे योग्यच करता. सूक्ष्मदर्शकाखाली नखाच्या पृष्ठभागाला चिकटलेले जिवाणूंचे पुंजके दिसतात आणि ग्रॅम रंजनात (जिवाणूंसाठीच्या रंजनात) ते गुलाबी काड्यांच्या रूपात ओळखता येतात. हे अशासाठी सांगते की तोंडाने घ्यायची टर्बिनाफिन या बुरशीच्या औषधाची गोळी हाताच्या नखासाठी सहा आणि पायाच्या नखासाठी बारा आठवडे चालते, तिच्या आधी यकृताच्या तपासण्या सुचवल्या जातात, आणि ती केवळ रंग पाहून सुरू करण्याजोगी नाही.

नखशिखांत

मेंदीचा प्रश्न मला आवडला, कारण मेंदी वरच्या कोणत्याही वर्णनात बसत नाही. तिचा थर नसतोच. मेंदीतील लॉसोन हा रेणू केराटिनशी रासायनिक बंध करतो, म्हणजे रंग पेशींमध्येच बसतो. तळव्यावरची मेंदी काही दिवसांत उतरते, कारण तिथली त्वचा झडते. नखावरची मात्र नख वाढून पुढे जाईपर्यंत टिकते. हाताचे नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढते, म्हणजे पूर्ण नख बदलायला पाच-सहा महिने लागतात. छेदात वरच्या पेशींना कणविरहित, पसरट नारिंगी छटा दिसते आणि ती खाली जाताना विरत जाते. एच अँड ई या नेहमीच्या रंजनात इओसिन या रंगाच्या गुलाबीमध्ये ती सहज हरवते, त्यामुळे येथे पुन्हा तो कोरा कापच कामी येतो. काळी मेंदी म्हणून विकल्या जाणाऱ्या मिश्रणात बहुधा पीपीडी हे केसांच्या डायमधील रसायन असते. त्याचा डाग गडद तपकिरी असतो, पण तोही कणविरहित.

काळ्या डागाचे महत्त्व यासाठी की नखातील काळ्या उभ्या पट्ट्याच्या मागे क्वचित मेलानोमा हा कर्करोग असतो. मेलॅनिन (त्वचेचे नैसर्गिक काळे रंगद्रव्य) कणरूप असते आणि पेशींच्या आत दिसते, फॉन्टाना-मॅसन रंजनात काळे होते आणि पोटॅशियम परमँगनेटने विरंजित होते. ते नखाच्या खालच्या थरात असेल तर उगम नखाच्या मुळाच्या पुढच्या भागात, आणि वरच्या थरात असेल तर मागच्या भागात असतो. म्हणून वरच्या थरातला रंग बाहेरून आला की आतून, हे ठरवण्याला फार महत्त्व आहे. तपासताना डोळ्यांनी पाहायची एक खूणही उपयोगी आहे. बाहेरून लागलेल्या रंगाची मागची कड क्युटिकलच्या वळणाला समांतर असते, तर आतून आलेल्या रंगाची कड मुळाकडील चंद्रकोरीच्या वळणाला. नखाखाली साकळलेले रक्तही काळे दिसते, पण लोहासाठीचे पर्ल्स रंजन तिथे निगेटिव्ह येते, कारण त्या रक्तातील हिमोग्लोबिनचे विघटन करणाऱ्या पेशी नखात नसतात. पर्ल्स निगेटिव्ह आले म्हणजे रक्त नाही, असा निष्कर्ष काढू नये.

उकळबिंदू

हळदीचाही उल्लेख करावासा वाटतो. करक्युमिन अल्कोहोलमध्ये विरघळते, त्यामुळे पॅराफिनच्या स्लाइडपर्यंत ते बहुतांशी पोहोचणार नाही. केओएच आणि कॅल्कोफ्लोरच्या ओल्या तपासणीत मात्र अल्कोहोल नसते, आणि करक्युमिन स्वतः पिवळट हिरवे चमकते. हळदीच्या कार्यक्रमानंतरच्या आठवड्यात आलेल्या नवरीच्या नखाची चमक पाहताना हे ध्यानात असावे.

कुतूहल

आणखी एक. मतदानाची शाई? ती नखावर आणि क्युटिकलवर कित्येक आठवडे राहते, आणि २००६ पासून तर ती नखाच्या वरून खाली रेघ ओढूनच लावतात. ती प्रसाधन नाही, पण २०२४ साली महाराष्ट्रात लोकसभा आणि विधानसभा असे दोनदा मतदान झाले, म्हणजे त्या वर्षी डाव्या तर्जनीचा नमुना पाठवला असेल तर ती दिसायलाच हवी.

नखशिखांत

दिसते, आणि सूक्ष्मदर्शकाखाली तिच्याइतका मेलॅनिनचा भास दुसरे काही करीत नाही. १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून वापरात असलेल्या या शाईत सिल्व्हर नायट्रेट असते. म्हैसूरची सरकारी कंपनी ती बनवते. प्रकाशाने आणि त्वचेतील क्षारांच्या संयोगाने चांदी बारीक काळ्या कणांच्या रूपात वरच्या केराटिनमध्ये साचते. कण आहेत, काळे आहेत, पेशींमध्ये आहेत, म्हणजे मेंदीसाठी सांगितलेली कोणतीही कसोटी येथे लागू पडत नाही. फॉन्टाना-मॅसन हे मुळात चांदीचेच रंजन असल्यामुळे तेही येथे निवाडा करू शकत नाही. बुरशीसाठीचे जीएमएस रंजनही चांदीचेच, आणि आधीपासून असलेल्या चांदीच्या कणांवर त्या द्रावणातील आणखी चांदी साचू शकते. म्हणून अशा बोटाच्या नमुन्यात बुरशी शोधायची असेल, तर पीएएसच निवडावे.

मेणाचा ठोकळा

ही शाई असल्याची खात्री करायची असेल, तर मेण काढलेला काप पोटॅशियम फेरिसायनाइड आणि सोडियम थायोसल्फेटच्या द्रावणात ठेवावा. चांदीची रंजने करताना रंग अधिक गडद झाला, तर तो उतरवण्यासाठी आम्ही हेच द्रावण वापरतो, त्यामुळे ते बहुतेक हिस्टोपॅथॉलॉजी विभागांत तयार मिळेल. चांदी असेल तर काळे कण निघून जातात, मेलॅनिन असेल तर जागेवर राहते. शेजारी त्याच ठोकळ्यातील द्रावणात न बुडवलेला काप ठेवावा, म्हणजे तुलना करता येते. धुतलेल्या कापावर नंतर पीएएस करता येते, पण द्रावण पूर्ण निघेपर्यंत वाहत्या पाण्याखाली धुणे आवश्यक आहे, आणि तेवढ्या वेळात नख स्लाइडवरून सुटू नये यासाठी पुन्हा पॉलिलायसिनची स्लाइडच घ्यावी.